बायबलमधला जादूटोणा, तीन संध्याकाळचा वर्ग (नंदुरबार): पैसे वसूल, पण एक वचन घाईत उरकलं

तर भो, सरळ सांगतो. दोनशे रुपये फी, त्यात तीन संध्याकाळ, बत्तीस पानी पुस्तिका, रोज चहा-बिस्कीट आणि शेवटच्या दिवशी शेवभाजी-भाकरी, एवढ्यात आजकाल कोणी काही शिकवत नाही. चर्चचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं चांगली आहेत, ज्याला जायचंय तो नंदुरबारात विचारून काढेलच. मी स्वतः चर्चवाला नाही, दोंडाईच्याला किराणा दुकान आहे. नवापूरकडचा एक मित्र म्हणे, तुला भगत-बुवांच्या विषयात लय इंटरेस्ट असतो ना, मग आमच्या पवित्र शास्त्रात काय लिहिलंय ते पण ऐकून घे एकदा. विषय असा की बायबलमध्ये चेटूक, शकुन, मंत्रतंत्र, मेलेल्या माणसांना बोलावणं याबद्दल काय काय आहे आणि बंदी नेमकी कोणावर आहे.

मला वाटलं होतं तीन दिवस नुसतं "करू नका, नरकात जाल" ऐकावं लागेल. तसं झालं नाही. शिकवणारे सर रिटायर्ड शाळामास्तर आहेत, आवाज बारीक पण गोष्ट सांगायची हातोटी जबरदस्त, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारला की चिडत नाहीत.

पहिली संध्याकाळ मिसर देशावर (म्हणजे इजिप्त) गेली. इस्राएल लोकांना गुलामीतून सोड असं सांगायला मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन तिथल्या राजाकडे, फारोकडे गेले. अहरोनाने काठी टाकली तिचा साप झाला, फारोच्या जादूगारांनी पण आपापल्या काठ्या टाकल्या, त्यांचेही साप झाले, मग अहरोनाच्या काठीने त्यांच्या काठ्या गिळल्या, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. सरांनी पुढचं नीट दाखवलं. पाण्याचं रक्त झालं ते जादूगारांनी करून दाखवलं, बेडूक आणले ते पण करून दाखवलं (आता देशभर बेडूकच बेडूक असताना ह्यांनी अजून बेडूक वाढवून काय भलं केलं देव जाणे, असलेले घालवले असते तर काही उपयोग होता), पण तिसऱ्या वेळेला धुळीच्या उवा झाल्या तिथे त्यांचं काही चाललं नाही आणि त्यांनीच फारोला सांगितलं की हा देवाचा हात आहे. पुढे फोड आले तेव्हा तर मोशेसमोर उभं राहायची सोय नव्हती कारण फोड त्यांनाही झालेले. ही गोष्ट ज्यात आहे त्या निर्गमाच्या पुस्तकात जादूगारांची नावं नाहीत, ती थेट नव्या करारात (बायबलचा येशूपासूनचा भाग) तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात येतात, यान्नेस आणि यांब्रेस. सर म्हणाले पुस्तक असं कुठेच म्हणत नाही की त्यांच्याकडे काही नव्हतं, पुस्तक म्हणतं की ते पुरलं नाही. मला हे आवडलं, आणि पटलं पण नाही, कारण आमच्या अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यक्रमात आम्ही काठीची, कापराची, नारळाची सगळी हातचलाखी उघडी करून दाखवतो आणि तिथे "पुरलं नाही" असं म्हणत बसत नाही. पण तो वेगळा वाद, वर्ग बायबलचा होता.

मग बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. हा सगळ्या विषयाचा गाभा समजा. मोशे लोकांना सांगतो की नव्या देशात गेल्यावर तिथल्या लोकांच्या रीती उचलू नका, आणि मग यादी येते, पोटच्या पोराला आगीतून चालवणारा, शकुन पाहणारा, चेटूक करणारा, मंत्र घालणारा, भुतांना विचारणारा, मेलेल्यांचा सल्ला घेणारा. आतापर्यंत मी ही यादी कुठेकुठे ऐकली होती ती तेवढीच तोडून. सरांनी पुढचं वाचायला लावलं. यादी संपली की लगेच असं येतं की देव तुमच्यातूनच एक संदेष्टा उभा करेल, त्याचं ऐका, आणि अध्यायाच्या शेवटी कसोटी पण दिलीय, संदेष्टा म्हणून कोणी काही बोलला आणि ते घडलं नाही तर तो देवाचा शब्द नव्हता, त्या माणसाला घाबरू नका. म्हणजे बंदीच्या शेजारीच "घाबरू नका" लिहिलंय. आमच्याकडे बुवाचं म्हणणं खोटं ठरलं तरी लोक घाबरूनच राहतात, उलट म्हणतात आपलंच काहीतरी चुकलं असेल.

मी दुकानदार माणूस, माझं लक्ष गल्ल्याकडे जातं, आणि ह्या वर्गात मला एक धागा सापडला जो सरांनी सुटा सुटा सांगितला पण एकत्र बांधला नाही, म्हणून मी इथे बांधतो. बायबलमध्ये जादूटोणा आला की जवळजवळ दरवेळी पैसा मागोमाग येतो. मवाबाचा राजा बालाक, त्याला इस्राएल लोकांना शाप द्यायचा होता, त्याने बलाम नावाच्या द्रष्ट्याकडे माणसं पाठवली ती शकुनाची फी हातात घेऊनच. (हा बलाम बौराचा मुलगा, याचं नाव बायबलच्या बाहेर पण सापडलंय, १९६७ साली जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे भिंतीच्या गिलाव्यावरचा जुना लेख मिळाला त्यात तो द्रष्टा म्हणून आहे.) बलामाने शेवटी शाप द्यायच्या जागी आशीर्वादच दिला आणि वर म्हणाला की याकोबावर (म्हणजे इस्राएल लोकांवर) मंत्रतंत्र चालत नाही, राजा कसला भडकला. मग यहेज्केलच्या तेराव्या अध्यायात बायका आहेत ज्या लोकांच्या मनगटांना बांधायला पट्ट्या शिवतात आणि डोक्यावर घालायला बुरखे, आणि हे सगळं मूठभर जवासाठी आणि भाकरीच्या तुकड्यांसाठी. हे ऐकल्यावर हॉलमध्ये एकदम खसखस पिकली कारण निम्म्या लोकांच्या मनगटाला काही ना काही दोरा होता, ख्रिस्ती असून पण. मीखा संदेष्टा तर स्पष्टच म्हणतो की यांचे संदेष्टे पैसा घेऊन शकुन सांगतात.

आणि फिलिप्पै शहरातली ती दासी. तिच्यात भविष्य सांगणारा आत्मा होता, तिचे मालक एकापेक्षा जास्त, म्हणजे पार्टनरशिपचा धंदा, पोरगी बोलायची आणि कमाई ह्यांची. येशूचा प्रचार करत फिरणाऱ्या पौलाने तिला त्यातून मोकळं केलं तर मालकांनी पौलाला आणि त्याचा सोबती सीलाला धरून कोर्टात नेलं, फटके पडले, तुरुंगात टाकलं. चिडले का, तर कमाईची आशा गेली म्हणून, तिथे तसंच लिहिलंय. शोमरोनचा शिमोन जादूगार तर येशूचा शिष्य पेत्र याच्यासमोर पैसेच काढून ठेवतो की हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो ती पॉवर मला पण विकत द्या. पेत्राने त्याला जे सुनावलंय, तुझा पैसा तुझ्यासकट नाश पावो, ते वाचाच कोणीतरी.

मी हात वर करून विचारलं की सर, इस्राएलचा पहिला राजा शौल, तो राजा होण्याआधी बापाची हरवलेली गाढवं शोधत शमुवेल संदेष्ट्याकडे जातो तेव्हा पण नोकराकडे चांदीचा पाव शेकेल (तेव्हाचं वजन) असतो, मग ती फी नाही का. (मित्राने बसमध्ये हा अध्याय वाचून दाखवला होता म्हणून माहीत.) सर हसले, म्हणाले बरोबर पकडलं भाऊ, तो नोकर जुन्या सवयीने बोलतोय, द्रष्ट्याकडे रिकाम्या हाताने जात नसत, पण शमुवेलाने तो पैसा घेतल्याचं कुठे नाही, उलट त्यानेच शौलाला जेवायला बसवलं. उत्तर मला पुरलं.

दुसरी संध्याकाळ सगळ्यात भारी झाली, एंदोरची बाई. ह्याच शौलाने राजा झाल्यावर देशातून भुतं-बोलावणाऱ्यांना आणि चेटक्यांना हाकलून लावलं होतं. मग पलिष्ट्यांचं सैन्य समोर आलं, शमुवेल तोवर वारलेला, देव स्वप्नातून उत्तर देईना, संदेष्ट्यांकडून देईना, तेव्हा राजा वेश बदलून रात्री निघाला आणि पोचला कुठे तर अशाच एका बाईकडे. बाई म्हणते शौलाने असल्यांचं काय केलं माहीत आहे ना, मला का अडकवतोस, आणि शौल तिला देवाची शपथ घालून सांगतो तुला काही होणार नाही. म्हणजे देवाने बंदी घातलेली गोष्ट देवाचीच शपथ घेऊन करवून घेतली. शमुवेल वर येतो, तो काही दिलासा देत नाही, उद्या तू आणि तुझी पोरं माझ्याबरोबर असाल म्हणतो. शौल जमिनीवर आडवा. दिवसरात्र जेवलेला नाही. आणि मग ती बाई, जिच्यावर बंदी, जिला मरणाची भीती, ती घरातलं पोसलेलं वासरू कापते, कणीक मळते, भाकरी करते आणि राजाला आग्रहाने जेवायला घालते. सरांनी हे इतकं सावकाश सांगितलं की मागची पोरं मोबाईल खाली ठेवून बसली होती.

शिक्षा कोणाला झाली बघा. त्या बाईला काही झाल्याचं गोष्टीत नाही. दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर मेला शौल, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याच्या मरणाचं एक कारण हेच दिलंय की त्याने भूतविद्यावालीला विचारलं, देवाला विचारलं नाही. लेवीयच्या विसाव्या अध्यायात पण आहे की जो अशांच्या नादी लागतो त्याच्यावर देवाचा रोख. अध्यायाच्या शेवटी अशा धंदेवाल्यांना दगडमाराची शिक्षा आहे, ते सरांनी लपवलं नाही, वाचून दाखवलं. पण जाणाऱ्यावर पण तेवढाच रोख आहे हे मला नवीन होतं. आमच्या भागात सगळा राग बुवावर किंवा बाईवर, आणि गिऱ्हाईक बिचारं भोळं. तालेवार माणूस, शिकलेला, गाडीतून उतरतो, रात्रीचा जातो, सकाळी भाषण ठोकतो, त्याला कोणी विचारत नाही.

प्रश्नोत्तरं रोज शेवटी अर्धा तास. एका कॉलेजच्या पोरीने विचारलं की मिसरात अधिकारी झालेल्या योसेफाकडे शकुन पाहायचा चांदीचा प्याला होता ना, मग त्याला चालतं का. सर म्हणाले तो भावांना पेचात पकडायला रचलेला डाव होता, योसेफाने खरंच प्याल्यात बघून काही सांगितलं असं एकदाही लिहिलेलं नाही, पण काही लोक म्हणतात मिसरी अधिकाऱ्याला शोभेल असं वागत होता, आणि मोशेचं नियमशास्त्र तेव्हा यायचंच होतं. चिठ्ठ्या टाकण्यावर पण बरंच झालं, कारण येशूला धरून देणाऱ्या यहुदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली, नीतिसूत्रात पण चिठ्ठी ओटीत टाकली तरी निकाल देवाचा असं आहे. मग भगत दाणे टाकतो ते काय वेगळं, असं मागून कोणीतरी म्हणालं. सरांचं उत्तर जरा गोल गोल झालं, प्रार्थना करून दोन योग्य माणसांतून एक निवडणं वेगळं आणि आजाराला जबाबदार कोण ते दाण्यांतून काढणं वेगळं असं काहीतरी. मला वाटतं दुसरा अर्धा मुद्दा त्यांनी जोरात मांडायला हवा होता, कारण दाण्यांतून आजाराचं कारण निघत नाही, माणसाचं नाव निघतं, आणि बहुतेक वेळा बाईचं.

जडीबुटीवर मात्र चांगलं बोलले. सातपुड्यातला भगत झाडपाला पण जाणतो, म्हातारी माणसं त्याच्या काढ्यावर बरी होतात, मग ते पण पाप का. नाही म्हणाले. हिज्कीया राजाला गळू झालं तेव्हा यशयाने अंजिराचा लेप लावायला सांगितला, औषध हे औषध. आणि पुत्रप्राप्तीच्या मुळ्यांची ती राहेल-लेआची गोष्ट, दोघी बहिणी आणि एकमेकींच्या सवती, राहेलने बहिणीकडून मुळ्या घेतल्या, आणि पोरं झाली कोणाला तर मुळ्या देऊन टाकणाऱ्या लेआला. बायका जाम हसल्या.

एक प्रसंग आवर्जून सांगतो. एका तरुणाने विचारलं की चंगाईच्या (प्रार्थनेने आजार बरे करायच्या) सभेत तेलाच्या बाटल्या विकतात, प्रार्थना केलेलं पाणी देतात, ते काय मग. हॉल शांत झाला, मला वाटलं सर विषय बदलतील. त्यांनी पितळी सापाची गोष्ट काढली. रानात साप चावून लोक मरत होते तेव्हा मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप खांबावर लावला, जो बघेल तो जगेल. पण लोकांनी तो साप जपून ठेवला आणि पुढे शेकडो वर्षं त्याच्यासमोर धूप जाळत बसले, शेवटी हिज्कीयाने तो फोडून टाकला. देवाच्या सांगण्यावरून बनलेली वस्तू सुद्धा फोडावी लागली, बाटलीचं तुम्हीच ठरवा, असं म्हणाले आणि खाली बसले. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं आहे हे पण सांगितलं, म्हणजे एकतर्फी बोलले नाहीत. स्वतःच्या घरचं इतकं उघड बोलणारे कमी असतात, ह्यासाठी एक स्टार एक्स्ट्रा.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. निर्गमाचा बावीसावा अध्याय, अठरावं वचन, चेटकिणीला जिवंत ठेवू नये. ह्या एका वचनाच्या नावाने युरोपात किती बायका मारल्या, अमेरिकेत सेलमला १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिली. आणि आपण बसलोय कुठे, तर नंदुरबार जिल्ह्यात, जिथे अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावातून काढल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. अशा ठिकाणी ह्या वचनाला वर्गात वेळ मिळाला पाच मिनिटं, ते पण तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी. सर म्हणाले तो इस्राएलच्या राज्याचा कायदा होता, आज आपण कृपेखाली आहोत, म्हणजे तो आपल्याला लागू नाही, पुढे चला.

तेव्हा साक्रीकडची एक आजी उठली, पूर्ण वर्गात तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, आणि अहिराणीत म्हणाली, "मंग कोनती बाई चेटकीन शे हाई ठरावस कोन?"

बस. वर्ग खरा तिथे सुरू झाला म्हणा. सरांनी चष्मा पुसला, बायबल परत उघडलं आणि अनुवादाचा सतरावा आणि एकोणिसावा अध्याय काढला. एका साक्षीदारावरून कोणाला मारता येत नाही, दोन किंवा तीन लागतात, आणि खोटी साक्ष निघाली तर जी शिक्षा समोरच्याला व्हायची ती साक्ष देणाऱ्याला. म्हणजे गाय मेली, पोर आजारी पडलं, अमकीने बघितलं होतं, एवढ्यावर बोट दाखवणाऱ्याला त्या जुन्या कायद्यात पण जागा नव्हती, उलट त्याचीच मान अडकली असती. आणि अठराव्या अध्यायातली यादी परत वाचा, त्यात आहे तो करणारा आणि विचारणारा, "शेजारीण जिच्याबद्दल लोक बोलतात" असं कोणी त्यात नाही. मी उठून राज्याच्या कायद्याचं पण सांगितलं, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला, एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. हे पुस्तिकेत अर्धं पान टाकायला काय जातं. बत्तीस पानांत सापडलं नाही, आयोजकांनी पुढच्या वेळी टाकतो म्हटलंय, बघू.

ह्या सगळ्यात इफिस शहराला वेळ उरला नाही, ते वाईट वाटलं. तिथे मंत्राची अक्षरं लिहून अंगावर बाळगायची फॅशन होती, ग्रीक लोक त्यांना इफिसची अक्षरं म्हणत. स्किवा नावाच्या माणसाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला गेले तर भूत लागलेला माणूस म्हणाला येशू माहीत आहे, पौल माहीत आहे, तुम्ही कोण, आणि असा धुतला त्यांना की उघडेनागडे पळाले. हे सरांनी दोन मिनिटांत उरकलं, ह्याला अर्धा तास सहज पाहिजे होता. पुढे लोकांनी आपली मंत्राची पुस्तकं स्वतः आणून चौकात जाळली, किंमत काढली तर पन्नास हजार चांदीची नाणी. नाणं म्हणजे द्राख्मा धरलं आणि द्राख्मा म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी धरली तर एका माणसाने एकही सुट्टी न घेता १३६-१३७ वर्षं काम केलं तर तेवढी रक्कम होते, हिशोब मी तिथेच पुस्तिकेच्या मागे केला. लक्षात घ्या, जाळली ती स्वतःची, दुसऱ्याच्या घरात घुसून आणून नाही. आणि तरी मला एवढी पुस्तकं जाळल्याचा थोडा त्रास झालाच, आज ती राहिली असती तर काय मंत्र होते ते कळलं असतं.

बाकी बारीकसारीक. पत्र्याचा हॉल, मे महिना, पंखे चार त्यातला एक नुसता आवाज करतो, पाण्याचा माठ मात्र गार. सहाची वेळ असते, सुरू पावणेसातला, आधी गाणी होतात, गाणी चांगली आहेत पण बाहेरगावच्यांना शेवटची बस असते हे कोणी लक्षात घेत नाही, मला दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरं अर्धी सोडून पळावं लागलं. माईक शेवटच्या दोन ओळींना ऐकू येत नाही. पुस्तिकेचा टाईप इतका बारीक की पन्नाशीच्या पुढच्याने भिंग आणावं, आणि वचनांचे नुसते आकडे दिलेत, मजकूर नाही, त्यामुळे बायबल नसेल तर पुस्तिका निरुपयोगी. तिथे मागितलं की देतात वापरायला पण मोजकीच आहेत. शेवभाजी तिखट, नंदुरबारची मिरची आहे, पोट नाजूक असेल तर सोबत दूध-दही काहीतरी घेऊन जा. लहान पोरांना आणू नका, दुसऱ्या दिवशी एक पोरगं शमुवेल वर आला तिथे रडायलाच लागलं.

चर्चचे नसाल तरी कोणी काही म्हणत नाही, धर्म बदला वगैरे विषय तीन दिवसांत एकदाही निघाला नाही, पहिल्या रांगेत बसवलं मला. पाचपैकी चार देतो, एक कापला तो त्या पाच मिनिटांसाठी. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे म्हणतात, दानीएल आणि बाबेलचे ज्योतिषी असा विषय, फी तीच. नाव आधी द्यावं लागतं कारण खुर्च्या साठच आहेत, आणि खिडकीकडची बाजू धरा.